पार्टी सर्विसवाली आहे

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्याने म्हटलं त्याने घर विकून पाहिलेलं नसणार. मी अकरा वर्षांपासून नागपुरात लोकांची घरं विकून देते. त्याआधी एका खाजगी शाळेत गणित शिकवायचे. दोन्ही कामांत एक गोष्ट सारखी आहे: समोरच्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि ते चुकलेलं असतं. शाळेत निदान माझ्या हातात लाल पेन तरी होता.

अलीकडे तर बाजार फारच बसला आहे. हुडकेश्वरच्या पुढे जिकडे पाहावं तिकडे नवे लेआऊट, नवी घरं, आणि गेटांवर 'विकणे आहे'च्या पाट्या. त्या पाट्यांचे रंगसुद्धा उन्हाने उडून गेलेत. विकणाऱ्याच्या डोक्यात शेजाऱ्याने सांगितलेला भाव असतो, जो त्या शेजाऱ्यालाही कधी मिळालेला नसतो. घेणाऱ्याच्या डोक्यात महिन्याचा हप्ता असतो. दोघांच्या मध्ये मी. मोबाइलवरच्या जाहिरातींत खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'दलालांनी फोन करू नये'. तीच माणसं चार महिन्यांनी मला फोन करतात आणि म्हणतात, "ताई, तुम्ही थोडीच दलाल आहे? तुम्ही तं घरच्या." मीही घरचीच होते. पाच-पाच महिने एकही सौदा होत नसेल तर माणूस कोणाच्याही घरचं होतं.

कोणाला वाटेल, विकणारा पहिला प्रश्न भावाचा विचारत असेल. तसं नसतं. पहिला प्रश्न असतो, "पार्टी कोण आहे?" पार्टी म्हणजे घेणारा. या प्रश्नाचं उत्तर नुसत्या नावाने भागत नाही, आडनाव लागतं. आडनाव ऐकलं की विचारणाऱ्याला जे हवं ते कळतं, आणि मग भाव, पाणी, रस्ता या गोष्टी सुरू होतात किंवा होत नाहीत. मी या धंद्यात नवी होते तेव्हा एका जुन्या दलालाने मला यावरचा तोडगा शिकवला होता. "आडनाव कधी सांगाचं नाही, ताई. म्हणाचं, पार्टी सर्विसवाली आहे."

सर्विसवाली, म्हणजे नोकरदार. पगार बँकेत जमा होतो, लोन पास होईल, चेक वटेल. ऐकणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि आपण काहीच सांगितलेलं नसतं. पुढे पार्टी घर पाहायला येते, चहा होतो, बोलणं होतं, आणि एकदा बोलणं झालं की माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. निम्म्या वेळा हे जमायचं. मी याला हुशारी समजत होते. खरं सांगायचं तर मी याला चांगुलपणाही समजत होते.

ज्या घराची ही गोष्ट आहे ते दक्षिणमुखी होतं. नागपूरच्या बाजारात दक्षिणमुखी घर म्हणजे मंगळ असलेली मुलगी. रूप, शिक्षण, स्वभाव, सगळं चांगलं असतं आणि पुढे काही होत नाही. घरात दोघंच राहायची. काका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, काकूंचे गुडघे गेलेले, मुलगा पुण्यात. घर विकून पुण्याला जायचं, मुलाजवळ तळमजल्यावर एखादा फ्लॅट घ्यायचा, एवढीच त्यांची इच्छा. चौदा महिने झाले होते.

लोक यायचे, नाही असं नाही. गाडीतून उतरायचे, गेटवर उभं राहून मोबाइल काढायचे, त्यात दिशा पाहायचे, आणि "फोन करतो" म्हणून निघून जायचे. एक जण तर गाडीतून उतरलाही नाही, काचेतूनच मोबाइल बाहेर धरला. वास्तूवाल्या एका माणसाने गेट दीड फूट सरकवायला सांगितलं. काकांनी भिंत फोडून ते सरकवलं. घराचं तोंड दक्षिणेलाच राहिलं.

"अवो ताई," काका चिडून म्हणायचे, "आत येऊन तं पाहा म्हणा त्यांना! एवढी हवा, एवढा उजेड. पंधरा वर्षं झाले राहून राहिलो, काय झालं आमाले? दाराचं तोंड पाहूनच घराची परीक्षा करून राहिले लेकाचे!"

काका मला तेव्हा फार आवडायचे. माणूस चिडतो तेव्हा बरेचदा खरं बोलतो, आणि हे खरंच होतं.

त्याच सुमारास ते जोडपं माझ्याकडे आलं. ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स, तो हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीने जाणारा. मुलगी पुढच्या वर्षी दहावीत. नऊ वर्षांत त्यांचं हे चौथं भाड्याचं घर होतं, आणि तेही मालकाने मुलाच्या लग्नासाठी खाली करायला सांगितलं होतं. बँकेने लोन मंजूर केलं होतं, पण त्या मंजुरीला मुदत होती, दीड महिन्याची. त्यानंतर सगळे कागद पुन्हा. त्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला होता, म्हणजे पुन्हा कागद दिले असते तर तेवढं लोन मिळालंच नसतं. थोडक्यात, दीड महिन्यात घर, नाहीतर पाचवं भाड्याचं घर.

"मले भिंतीत खिळा ठोकाचा आहे, ताई," ती म्हणाली. "कोणाले न विचारता."

तीन आठवडे दुसरी घरं पाहण्यात गेले, एकही जमलं नाही. मग मी त्यांना भीतभीतच सांगितलं, एक घर आहे, पण दक्षिणमुखी आहे. नवरा हसला. "आमच्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवाच हे दिशाबिशा सोडून आले ते. आम्ही दिशा पाहतो ते कपडे कुठं वाळवाचे त्याच्यासाठी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दिशेमुळे कोणी घेत नाही असं घर, आणि दिशा न मानणारी माणसं. वर्गात फळ्यावर गणित सोडवताना दोन्ही बाजू अचानक सारख्या याव्यात तसं झालं. एक बाजू मी पाहिलीच नव्हती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

काकांना फोन केला. पहिला प्रश्न ठरलेला. "पार्टी कोण आहे?"

"सर्विसवाली आहे, काका. दोघंही कमावतात. त्या नर्स आहेत."

"वा वा. आणि दिशेचं?"

"त्यांना चालते."

"चालते?" काकांनी दोनदा विचारलं. मला वाटलं, आनंद झाला. आज वाटतं, सरकारी ऑफिसात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढ्यावरून अंदाज आला नसेल का? बहुधा त्यांनाही कळून घ्यायचं नव्हतं. अर्धं मी लपवलं, अर्धं त्यांनी.

रविवारी आम्ही गेलो. तिने सगळे नळ उघडून पाहिले, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली, मागच्या छोट्या खोलीत गेली आणि दोन्ही हात पसरून भिंत मोजली. काकूंनी पोहे केले होते. काकूंचे सुजलेले पाय पाहून ती खाली बसली, अंगठ्याने दाबून पाहिलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, आणि रक्त तपासून घ्या म्हणून सांगितलं. नवरा आणि काका गच्चीवर टाकी पाहत होते. अर्ध्या तासात भाव ठरला. अकरा वर्षांत एवढ्या लवकर ठरलेला भाव मी पाहिला नव्हता. गुरुवारी बयाना करायचं ठरलं, म्हणजे सौद्याची लिखापढी आणि हातात आगाऊ रक्कम. निघताना काकू म्हणाल्या, "तुमच्याच हाती जावं वं बाई हे घर."

गुरुवारी काका पांढरा सदरा घालून बसले होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. मसुदा मीच लिहितो म्हणाले. चष्मा लावला, आधी घेणाऱ्याचं नाव लिहू म्हणून वर पाहिलं. "हं, सांगा. पूर्ण नाव."

नवऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. नागपुरात ते ऐकल्यावर पुढे काही विचारावं लागत नाही. काकांचा पेन दोन शब्द लिहून थांबला.

"आज गुरुवार आहे न," काका कागदाकडे पाहत म्हणाले. "आज नको लिखापढी. दोन दिवस विचार करू द्या आमाले."

गुरुवारी लिखापढी करू नये, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लोक मुद्दाम गुरुवार धरतात. तिने बँकेचे कागद एकेक करून पिशवीत ठेवले, चेन लावली, आणि काकूंना म्हणाली, "रक्त तपासून घ्या न काकू, विसरू नका." मग दोघं निघून गेली. मी माझी गाडी सुरू करायला किल्ली शोधत राहिले, ती माझ्या हातातच होती.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "मले काही नाही हो, ताई. मी ऑफिसात सगळ्यायच्या डब्यातलं खाल्लं आहे. पण गल्लीतले लोक... आम्ही तं चाललो जाऊ, पण नाव ठेवतीन न आमाले."

'मले काही नाही' हे वाक्य मी या धंद्यात इतक्यांदा ऐकलं आहे की ते कोणी सुरू केलं की पुढचं मीच पुरं करू शकते. ज्याला खरंच काही नसतं तो हे वाक्य म्हणत नाही. फोन ठेवताना काका आणखी एक बोलले. "तुम्ही आधी काहून नाही सांगितलं? आपल्यातल्या असून?"

मला राग आला. काकांचा आला, गल्लीचा आला, आणि 'आपल्यातल्या' या शब्दावर आपण लगेच काही बोललो नाही म्हणून स्वतःचाही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला भेटायला धंतोलीत गेले. तिची पाळी सुटायची वेळ होती. दवाखान्याबाहेर गावोगावहून आलेल्या पेशंटांची माणसं डबे उघडून बसली होती. चहाच्या टपरीशी उभं राहून मी तिला समजावू लागले, काका तयार होतील, थोडा वेळ द्या, मी बोलते त्यांच्याशी.

तिने मध्येच विचारलं, "ताई, पहिल्या फोनवर तुम्ही आमच्याबद्दल काय सांगितलं होतं त्यांना?"

"सर्विसवाले आहेत म्हणून."

"आडनाव काहून नाही सांगितलं?"

मी तिला माझी ती युक्ती सांगितली. आधी ओळख, मग आडनाव. निम्म्या वेळा कशी चालते तेही सांगितलं. पेशंटच्या नातेवाइकाचं ऐकावं तसं तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ते लपवाले पाहिजे, असं तुम्हालेच वाटलं," ती म्हणाली. "काकाचं मले नवल नाही, ताई. असे काका आम्ही प्रत्येक घराच्या वेळी पाह्यले. पण रविवारी मी त्या घरात हिंडली, पोरीचा टेबल कोणत्या भिंतीले लावाचा तेबी ठरवून आली. तेव्हा तुम्हाले माहीत होतं की त्यांना माहीत नाही. माझा नवराबी रविवारीच समजून चुकला होता, मले काल घरी गेल्यावर म्हणाला. मीच एक येडी, पोहे खाऊन आली."

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी तर दुसऱ्याचं भांडं लपवलं होतं, त्याला न विचारता. लाज वाटली. इतकी की चहा तसाच टाकून मी निघाले.

तिथून थेट काकांकडे गेले. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी गेटच्या आत पाऊल टाकण्याआधीच बोलायला सुरुवात केली. माझा स्वभावच असा आहे, शाळाही त्यामुळेच सुटली.

"काका, चौदा महिने लोक या गेटवर उभे राहून मोबाइलमध्ये दिशा पाहून परत गेले. तुम्ही मला काय म्हणत होता? आत येऊन तर पाहा म्हणा. ही माणसं आत आली. नळ उघडून पाहिले, भिंती मोजल्या, तुमचे पोहे खाल्ले. आणि आता गेटवर तुम्ही उभे आहात, आडनाव पाहत."

काकांच्या हातातला पाइप आळ्याबाहेर वाहत राहिला. "तसं नाही ताई, शेजारी..."

काकू भिंत धरत धरत दारात आल्या होत्या. "चौदा महिन्यांत एखाद्या शेजाऱ्यानं घेतलं का घर?" त्या म्हणाल्या. "त्यायच्याच मनासारखं कराचं असन तं विका त्यायलेच. मी माझ्या पायानं पुण्याले जाऊ का मले उचलून नेता, तेबी विचारा शेजाऱ्यायले."

काका नळ बंद करायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "बोलवा त्यांना."

काकांचं मन बदललं की बाजाराने त्यांचा हात पिरगाळला, हे मला आजही सांगता येत नाही. मागणी जोरात असती, दारात दुसऱ्या दोन पार्ट्या उभ्या असत्या, तर काकूंचं कोणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. मंदीला मी उठता-बसता शिव्या घालते. त्या दिवशी घातल्या नाहीत.

त्या दोघांना मी माझ्याकडे बोलावलं आणि या वेळी काहीच गाळलं नाही. गुरुवारचं, फोनवरचं, शेजाऱ्यांचं, काकूंचं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "नको ते घर."

नवऱ्याने बँकेचं मंजुरीचं पत्र काढून तारीख पाहिली. मग म्हणाला, "आपण घर घेऊन राहिलो वं, काकाले नाही. काका तं पुण्याले चालले." बँकेच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

ती खिडकीबाहेर पाहत बसली. शेवटी म्हणाली, "बरं. पण कागदावर पहिलं नाव माझं. आणि लिहून झाल्यावर काकानं ते पूर्ण वाचून दाखवाचं. मोठ्यानं."

तसंच झालं. काकांनी मोत्यासारख्या अक्षरात तिचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, आडनाव लिहिलं. पहिल्यांदा वाचताना त्यांचा आवाज आडनावाशी बसला. ते खाकरले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती ऐकत होती. मुदत संपायला दोन दिवस असताना रजिस्ट्री झाली.

महिनाभराने मी वीज मीटरवर नाव चढवायचे कागद घेऊन त्या घरी गेले. मागच्या खोलीत मुलीचा टेबल लागला होता. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर फोटो होते, मोठे, दारातून येणाऱ्याला आधी तेच दिसतील असे. शेजारी कसे आहेत विचारलं, तर म्हणाली, "एक बोलते, एक नाही बोलत. होईन हळूहळू." तिने चहा केला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मला बरं वाटत होतं. आपण शेवटी एक काम नीट केलं, असं वाटत होतं.

मग तिने विचारलं, "ताई, एक विचारू? हे घर तुमचं असतं, तं दिलं असतं तुम्ही आम्हाले?"

'हो' अगदी जिभेवर होतं. पण ती उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होती, आणि नेमक्या त्याच वेळी मला माझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आठवल्या. मी त्या भाड्याने देते. आजवर चार भाडेकरू झाले. चौघांची आडनावं मी मनातल्या मनात म्हणून पाहिली. चारही आपल्यातलीच. मी कोणाला कधी आडनाव विचारलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. आणि त्या खोल्या वर्षभर रिकाम्या होत्या. ही बाई दीड महिना पोरीला घेऊन कुठे जाऊ म्हणून काळजीत होती, माझ्यासमोर बसून ते बोलली होती, आणि मला त्या खोल्या एकदाही आठवल्या नव्हत्या.

"नसतं दिलं," मी म्हणाले.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्या गेटवर पाटी होती न, भाड्यानं देणे आहे म्हणून. ते पाहून मीच फोन केला होता तुम्हाले, सगळ्यात आधी. तुम्ही म्हटलं, खोल्या परवाच गेल्या. मग विकतचंच घर पाहू म्हटलं, तं तिथंबी तुमचाच नंबर निघाला."

मला तो फोन आठवेना. कितीही आठवलं तरी आठवेना. 'परवाच गेल्या हो,' असं म्हणून मी किती फोन ठेवले असतील, कोणास ठाऊक. मी तिला म्हणाले, मला खरंच आठवत नाही, तुम्ही कोण हे मला तेव्हा कळलं तरी कसं असेल?

"आडनाव सांगितलं होतं न मी, ताई," ती म्हणाली. "फोनवरच."